खोट्या नवरीला मागणी

जर्मनीच्या पूर्वेला, आम्हा सोर्ब लोकांच्या वोल्शिना गावात लग्न असलं की खऱ्या नवरीच्या आधी खोटी नवरी बाहेर पडते. पाठीला उशीचं कुबड, तोंडाला काजळी, डोक्याला फाटका रुमाल, एका पायात लाकडी बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा. दाराशी वऱ्हाड येऊन थांबतं. लग्नभर सगळ्यांच्या वतीनं बोलणारा माणूस, त्याला आम्ही ब्राश्का म्हणतो, तो मोठ्या आवाजात नवरी मागतो. मग आतून हे ध्यान लंगडत येतं. नवरदेवानं घाबरून नाही म्हणायचं, लोकांनी हसायचं, म्हातारीनं सगळ्यांच्या नावानं बोटं मोडत आत निघून जायचं. त्यानंतर खरी नवरी.

ही म्हातारी एकतीस वर्षं मी होते. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. ठरलेली बाई पाय मुरगळून पडली म्हणून आयत्या वेळी मला कुबड बांधलं. लोक म्हणाले, लेयना काय सुंदर करते! त्यानंतर दुसरं कुणी शोधायची गरजच कुणाला वाटली नाही.

माझं खरं काम नवरीला सजवायचं. काळा रेशमी पोशाख, झालरीचा पांढरा गळा, छातीवर चांदीच्या नाण्यांच्या माळा, हिरव्या फिती, डोक्यावर मर्टलच्या झुडपाच्या पानांचा मुकुट. हे सगळं टाचण्यांनी बसवायचं असतं. एका नवरीला अडीचशे टाचण्या लागतात आणि त्या कुठे टोचायच्या हे आमच्या पंचक्रोशीत आता तिघींनाच ठाऊक आहे. बाकी वेळ मी बालवाडीत स्वयंपाक केला. लग्न झालं नाही. एक होता तसा. बर्लिनची भिंत पडल्यावर तो पश्चिमेकडे कामाला गेला. त्याची दोन पत्रं आली, तिसऱ्या पाकिटात मोटारीचा फोटो आला. हिरवी मोटार. तो स्वतः फोटोत नव्हताच.

तर माझा धाकटा भाऊ बेनो. त्याची मुलगी मादलेना लाइपझिगला शिकायला गेली आणि दोन वर्षांनी सांगत आली की लग्न ठरवलंय. मुलगा वियार्ड, पार उत्तरेला समुद्राकाठचा, पवनचक्क्या दुरुस्त करणारा, आमच्या दारातून वाकून आत येणारा.

बेनोनं टेबलावर हात आपटला. "जर्मन! इतकी सोर्ब पोरं गावात मोकळी फिरतायत आणि हिला जर्मन सापडला!"

"बाबा, तो फ्रीजी आहे."

"म्हणजे कोण?"

"समुद्रकाठचे लोक. त्यांची बोली वेगळी आहे, प्लाट म्हणतात. त्याची आई घरात तेच बोलते."

"मग जर्मनच की," बेनो म्हणाला. "ओला जर्मन."

बेनो मनानं वाईट नाही. आमच्या आईच्या लहानपणी शाळेत सोर्बी बोलायला बंदी होती, ते आईनं आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की ते जणू त्याच्यावरच ओढवलं होतं. आता रस्त्यांवरच्या पाट्यासुद्धा दोन्ही भाषांत आहेत. तरी दुकानात कुणी "जरा जर्मनमध्ये बोला की" म्हटलं की बेनो सामान तिथेच ठेवून घरी येतो. शेवटी त्यानं एक अट घातली: लग्न आपल्या रीतीनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक पायरी गाळायची नाही. वियार्ड म्हणाला, चालेल. त्याला काय कबूल केलं ते कळलं होतं असं मला वाटत नाही.

जूनमधल्या एका शुक्रवारी दुपारी चौदा फ्रीजी दोन गाड्यांतून उतरले. वियार्डची आई टोम्मा आणि त्याचा मामा फोको माझ्याकडे राहणार होते. गाडीतून माणसांच्या आधी पाण्याचे दोन मोठे कॅन उतरले.

"अहो, आमच्याकडे नळाला पाणी येतं," मी म्हटलं.

"येत असेल," टोम्मा म्हणाली. "पण ते चहाचं नाही."

फोकोमामा चौसष्ट वर्षांचा, वाऱ्यानं रापलेला, समुद्राच्या बांधावर साडेतीनशे मेंढ्या राखणारा. आठ वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, असं मादलेनानं मला आधीच सांगितलं होतं. तो दारात आला आणि म्हणाला, "मोइन," म्हणजे त्यांच्याकडचा नमस्कार. खोली दाखवली, "मोइन." हात धुऊन टेबलाशी आला, "मोइन." तासाभरात माझ्या लक्षात आलं की या माणसाचा एवढ्यावर दिवस निघतो.

मग टोम्मानं चहा केला. पातळ पेल्यात खडीसाखरेचा एक खडा, त्यावर काळाभोर चहा. खडा तडकल्याचा बारीक आवाज आला तेव्हा बहीण-भाऊ दोघंही कान देऊन ऐकत होते. मग कडेनं सायीचा एक थेंब सोडला. मी चमचा उचलला आणि ढवळलं.

टोम्मानं डोळे मिटून घेतले. फोको पहिलं पूर्ण वाक्य बोलला. "ढवळायचं नसतं."

"मग गोड कसा लागणार?"

"शेवटी लागतो. आधी साय, मग कडू, मग गोड. घाई कसली?"

मी न ढवळता प्यायले. पेला संपला तसा टोम्मानं भरला. पुन्हा संपवला, पुन्हा भरला. पाहुण्यांसमोर उष्टं टाकायचं नाही असं आमचं वळण, म्हणून मी पीत राहिले. सहाव्या पेल्याला माझ्या पोटात त्यांचा समुद्र आला. तेव्हा फोकोनं हात लांब करून माझा चमचा अलगद माझ्याच पेल्यात ठेवला. टोम्मानं लगेच किटली खाली ठेवली.

"चमचा आत ठेवला की पुरे," तो म्हणाला.

"मग हे तिसऱ्या पेल्यालाच सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही पीत होतात. मला वाटलं, आवडला."

मला इतकं हसू आलं की खुर्चीला धरावं लागलं. तोही हसला, म्हणजे त्याच्या डोळ्यांच्या कडा हलल्या. पुढे मला कळलं की त्याच्या हिशेबी ते खो खो हसणं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी मादलेनाला सजवायला बसले. नऊला शेवटची टाचणी लागली. पोरगी श्वाससुद्धा मोजून घेत होती. मग मी मागच्या खोलीत जाऊन कुबड बांधलं, तोंडाला काजळी फासली आणि खिडकीच्या फटीतून बाहेर पाहिलं. सगळं गाव फाटकाशी जमलेलं. पुढे ब्राश्का हांद्रिय, निवृत्त बसड्रायव्हर, उंच काळी टोपी आणि हातात फिती बांधलेली काठी. याचा आवाज बस चालू असतानाही शेवटच्या सीटपर्यंत जायचा. त्याच्या शेजारी वियार्ड, आणि मागे हातात फुलं धरून गोंधळलेले तेरा फ्रीजी.

"आम्ही दूरदेशाहून आलो!" हांद्रियनं सुरुवात केली, आधी सोर्बीत, मग पाहुण्यांसाठी जर्मनमध्ये. "वाटेत एक फूल दिसलं. ते या घरात शिरलं असं ऐकतो. ते फूल आम्हाला द्या!"

मी दार लाथेनं उघडलं. "हे घ्या फूल! थोडं वाळलंय, पण मुळं घट्ट आहेत!"

गाव हसलं. मी लंगडत वियार्डपाशी गेले आणि त्याच्या कोटाला लोंबकळले. त्याला मादलेनानं पढवून ठेवलं होतं, पण बाकीच्यांना सांगायचं सगळेच विसरले होते. टोम्मा पांढरीफटक पडली. "वियार्ड, ही त्यांची आजी का? अरे, कुणीतरी खुर्ची द्या तिला!"

"ही नव्हे!" वियार्ड पाठ केल्यासारखा ओरडला. "माझी नवरी ही नव्हे!"

हांद्रियनं काठी आपटली. "नवरदेव नको म्हणतो. मग हिला कोण नेतो?"

हा प्रश्न तो दर लग्नात विचारायचा. त्यावर कुणी काही बोलायचं नसतं. माणसं खदाखदा हसतात आणि मी शिव्या देत आत जाते. एकतीस वर्षांत त्या प्रश्नाला उत्तर आलं नव्हतं.

"मी," मागून आवाज आला.

फोको गर्दीतून पुढे आला. सावकाश, मेंढ्यांमधून वाट काढल्यासारखा. हांद्रियच्या तोंडून शब्द फुटेना. हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

"तुम्ही?" तो कसाबसा म्हणाला.

"कोण नेतो असं विचारलंत ना? मी नेतो."

मी माझ्या कुबडावर हात ठेवून पुटपुटले, "अहो, मी खोटी आहे. ही सोंगातली म्हातारी आहे."

"ते दिसतंय," तो म्हणाला. "डाव्या गालाला काजळी लावायची राहिलीये."

फाटकाशी असा काही हशा उठला की झाडावरचे कावळे उडाले. मला शिव्या द्यायच्या होत्या, त्या आठवेनात. मी वळले आणि सरळ चालत आत गेले, लंगडायचं विसरून. हांद्रियला तोवर आवाज सापडला होता. "मामा, आमच्याकडच्या बायका एवढ्या स्वस्तात नाही जात! आधी भाचा, मग तुम्ही!"

आत मादलेना टाचण्यांमुळे वाकता येत नाही म्हणून ताठ उभी राहून हसत होती. "आत्या, तू लाजतेयस!"

"काजळीखाली तुला काय दिसतंय गं?"

"कान दिसतायत."

लग्न लागलं. जेवणाला फोको माझ्या शेजारी येऊन बसला. विचारलं नाही, खुर्ची ओढली आणि बसला. अंड्याच्या वड्यांचं सूप त्यानं दोनदा घेतलं. गोमांसावरचा पांढरा तिखट रस्सा मात्र त्यानं सायीचा समजून चमचाभर तोंडात टाकला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही खात होतात. मला वाटलं, आवडलं."

त्यानंतर तो बोलला. त्याच्या मानानं खूपच बोलला. सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला जर्मन येत नव्हतं. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी नाव विचारलं, यानं प्लाटमध्ये उत्तर दिलं आणि कोपऱ्यात उभा राहिला. आपल्या मुलांना तसं उभं राहावं लागू नये म्हणून शेजारपाजारच्या सगळ्यांनी पोरांशी जर्मनच बोलायला सुरुवात केली. "आता मी मेंढ्यांशी बोलतो," तो म्हणाला. "त्यांना दुसरी येत नाही."

मी त्याला हिरव्या मोटारीची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे, मी ती कुणाला सांगत नाही. त्यानं नीट ऐकलं आणि विचारलं, "मोटार तरी बरी होती का?"

"नाही हो. फोटोतच एक दिवा फुटलेला दिसत होता."

रविवारी ते सगळे गेले. पाण्याचा एक भरलेला कॅन फोकोनं माझ्या स्वयंपाकघरात ठेवला. म्हणाला, परत न्यायला जड आहे. एकेका बगलेत एकेक मेंढी उचलणारा माणूस हे सांगत होता.

त्यानंतरचा महिना मात्र मला जड गेला. बेकरीत गेलं की कुणीतरी विचारायचंच, "लेयनाआत्या, मामांचं पत्र आलं का? की मेंढीचा फोटो आला?" मी हसून पाव घेऊन यायची. एके दिवशी बेनो आला आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"ताई, त्या माणसानं गंमत केली. तू ते मनावर घेऊ नकोस. लोक हसतायत."

"एकतीस वर्षं हसतायत, बेनो. तू सगळ्यांत पुढे उभा राहून हसायचास."

"ते वेगळं. ते लग्नातलं होतं."

"मला कधी विचारलंस, वेगळं वाटतं का?"

तो टोपी घालून निघून गेला. मी खुर्चीत बसले आणि मला कळलं की याचं उत्तर माझं मलाही ठाऊक नव्हतं. कधीकधी नवरीला पोशाख चढवताना एखादी टाचणी आत वळून राहते. नवरी दिवसभर हसते, नाचते, आणि काहीतरी टोचतंय एवढंच तिला कळत राहतं. तसं ते होतं. त्या दिवशी फाटकाशी एक माणूस पुढे आला म्हणून मला ती टाचणी सापडली. आता त्यानंही गंमतच केली असेल, तर काय, हा प्रश्न मी कपाटात ठेवून दिला.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी दुपारी साडेचारला फोन वाजला.

"मोइन," आणि मग नुसता वारा.

"बोला," मी म्हटलं.

"तुम्ही बोला. मी चहा पितोय."

म्हणून मी बोलले. बालवाडीचं, बागेतल्या गोगलगायींचं, कोणत्या नवरीनं ऐन वेळी वजन वाढवून घेतलं त्याचं. तो "हं" म्हणायचा. मागे मेंढ्या ओरडायच्या. तीन पेले झाले की चमचा पेल्यात टाकल्याचा आवाज यायचा आणि तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी." असे सगळे रविवार गेले. मी साडेचारला केस विंचरून फोनपाशी बसू लागले, जसं काही फोनमधून दिसणारच होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी त्याला सांगत होते की आज चाळीस किलो कोबी किसून आंबवायला घातला. तो म्हणाला, "मोइ."

आमच्या सोर्बी भाषेत एकवचन आणि अनेकवचन यांच्या मधे द्विवचनही आहे. दोघांसाठी सर्वनाम वेगळं, क्रियापद वेगळं. 'मोइ' म्हणजे आपण दोघं. लहानपणी मी आणि बेनो दिवसभर ते म्हणायचो, आपण दोघं नदीवर जाऊ, आपण दोघं लपू. मोठेपणी ते रूप वापरायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही.

"काय म्हणालात?"

"मोइ."

"हे फोनवर बोलायचं असतं का? आधी काही विचारायचं नाही, सांगायचं नाही, एकदम..."

"मी कोबीबद्दल म्हणालो," तो गोंधळून म्हणाला. "मोइ म्हणजे छान. आमच्यात. कोबी छान, असं."

"अच्छा. कोबी."

"तुमच्यात काय होतं त्याचं?"

"काही नाही."

"लेयना." नावानं हाक त्यानं पहिल्यांदाच मारली होती.

"आपण दोघं," मी सांगून टाकलं. "दोघंच. तिसरं कुणी आलं की शब्द बदलतो."

पलीकडे वारा. एक मेंढी खोकली. मला वाटलं, फोन तुटला.

"मग तेच म्हणालो, असं धर," फोको म्हणाला.

"आणि कोबी?"

"तोही छान."

फेब्रुवारीत मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहायला गेले आणि समुद्र घरी नव्हता. ओहोटी होती. मैलभर नुसता चिखल. "येईल," फोको म्हणाला, "जातो कुठे?" मेंढ्या व्यायचे दिवस होते, त्यामुळे मला कुणी पाहुणचार केला नाही, हातात टॉवेल दिला. ओल्या कोकरांना पुसायचं, आईपुढे ठेवायचं, पुढच्याला धरायचं. चार दिवसांत माझ्या अंगाला लोकरीचा असा वास बसला की टोम्मा मला "तू" म्हणायला लागली.

पण पाचव्या दिवशी तिनं किटली ठेवली आणि सरळ विचारलं, "तू त्याला तिकडे नेणार का?"

मी हातातल्या टॉवेलाची घडी घालत बसले. आदल्या दिवशी रविवार होता. गावच्या देवळात प्लाटमध्ये प्रार्थना होती आणि मी मुद्दाम गेले होते. बाकांवर अकरा माणसं, फोको सगळ्यांत तरुण. भाषा संपायची आमच्याकडची भीतीच तिथे बसलेली पाहिली मी, तिनं फक्त कोट वेगळा घातला होता. यातला एक उचलून न्यायचा? आणि मी इथे आले, तर अडीचशे टाचण्या ठाऊक असलेल्या तिथे दोघीच उरणार.

फोको उठला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. "मेंढ्या कधी वितात? फेब्रुवारी ते एप्रिल. नवऱ्या कधी लागतात तुला?"

"मे ते सप्टेंबर."

"मग भांडण कुठे आहे?"

उन्हाळ्यात मेंढ्या बांधावर चरतात, तेव्हा त्यांच्यावर टोम्मानं आणि वियार्डनं नजर ठेवायची. हिवाळ्यात मी इथे. आम्ही एकेक महिना वाटून घेतला. ऑक्टोबर तेवढा मोकळा राहिला. टोम्मानं त्यावर बोट ठेवलं. "हा माझा. तुम्ही दोघंही इथे, आणि मी बहिणीकडे फिरायला."

राहिला बेनो. त्याच्याशी माझं बोलणं होतं, पण मिठाशिवायच्या सूपासारखं. ईस्टरला फोको मेंढ्या टोम्मावर सोपवून चार दिवसांसाठी आमच्याकडे आला. ईस्टरच्या रविवारी आमचे पुरुष काळे कोट आणि उंच टोप्या घालून, घोड्यांवर बसून, गात गात शेजारच्या गावाला जातात. बेनो गेली पस्तीस वर्षं जातोय. त्या वर्षी त्याची नेहमीची घोडी आजारी होती, म्हणून दूरच्या तबेल्यातून एक तरणी घोडी आणली होती. आयाळ विणून झाली, पांढऱ्या शिंपल्यांचा लगाम चढवला आणि देवळाची घंटा वाजली तशी ती घोडी जी बिथरली, ती अंगणात गोल गोल फिरायला लागली. बेनोची टोपी चिखलात. दोन शेजारी धावले, तिनं दोघांनाही पळवलं. पलीकडे रस्त्यावर स्वार जमायला लागले होते आणि बेनो रडकुंडीला आला होता.

फोको कुंपणावरून हे सगळं पाहत होता. तो आत गेला आणि घोडीपासून चार पावलांवर तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. हळू आवाजात काहीतरी बोलत राहिला, प्लाटमध्ये, न थांबता. मला वाटलं, हा माणूस वर्षभराचं बोलणं आजच संपवणार. घोडी थांबली. एक पाऊल आली. मग तिनं त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं.

बेनोनं टोपी पुसली आणि वर चढला. लगाम हातात घेतल्यावर म्हणाला, "काय सांगितलंत तिला?"

"म्हटलं, गाणी लांबलचक आहेत, पण शेवटी खायला मिळतं."

"कोण म्हणतं गाणी लांबलचक आहेत?"

"लेयना."

बेनोनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्या मिश्या हलल्या. "संध्याकाळी परत येईन तेव्हा इथेच असा," तो फोकोला म्हणाला. "उतरताना पुन्हा लागाल." आणि फाटकातून बाहेर पडता पडता वळून ओरडला, "ताई, भावजींना कॉफी दे! त्यांचा तो चहा नको!"

भावजी. अख्ख्या रस्त्यासमोर.

आमचं लग्न सप्टेंबरात कामेंझच्या नोंदणी कार्यालयात झालं. त्याला पंधरा मिनिटं लागली आणि नंतर हांद्रियच्या भाषणाला पाऊण तास. ऑक्टोबर उजाडल्यावर आम्ही समुद्राकाठी आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडते तो समोर शिडी. शेजारची दहा-बारा माणसं माझ्या दाराच्या चौकटीवर हिरव्या डहाळ्यांची कमान ठोकत होती, मधे कागदी फुलं खोवत होती. "मोइन," सगळे म्हणाले. मी आभार मानले. कमान ठोकून झाली तरी कुणी हलेना. शिडी घेऊन, हात बांधून, सगळे माझ्याकडे पाहत उभे.

"यांना काय हवंय?" मी आत येऊन फोकोला विचारलं.

"प्यायला. मग खायला. कमान बांधली की तशी रीत आहे."

"आणि नाही दिलं तर?"

"उभे राहतील. शेजारच्या ओक्काच्या लग्नात दुपारपर्यंत उभे होते."

"हे काल सांगायला काय झालं होतं तुला?"

"काल कमान नव्हती."

घरात एक बाटली होती, ती फोकोनं घेतली. खायला काय? टोम्मा बहिणीकडे गेलेली. मी मोठ्या पातेल्यात बटाटे लावले, घरून आणलेलं ताजं पांढरं चीज फेटलं, कांदा चिरला आणि वरून जवसाचं तेल सोडलं, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा करतात तसं. माणसं रांगेनं ताटं घेऊन ओसरीवर बसली. जवसाच्या तेलाचा पिवळा ओघळ त्यांनी आधी बराच वेळ पाहिला. मग खायला लागली. कुणी एक अक्षर बोललं नाही. वाऱ्यानं कमानीतली कागदी फुलं फडफडत होती आणि मी एकच चमचा पुन्हा पुन्हा पुसत होते.

शेवटी कडेला बसलेल्या म्हाताऱ्या हिनरिकनं ताट पुसून बाजूला ठेवलं आणि समुद्राकडे पाहत म्हणाला, "तक्रार नाही."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी स्वयंपाकघरात येऊन फोकोच्या दंडाला धरलं. "नाही आवडलं ना?"

त्याच्या डोळ्यांच्या कडा हलत होत्या. "अगं, हिनरिक हे याआधी एकदाच म्हणाला होता. त्याच्या मुलीला जुळं झालं तेव्हा." त्यानं बाहेर डोकावून पाहिलं. "आणखी बटाटे लाव. रिकामी ताटं घेऊन परत येतायत ते."